रबराचा फेस, फसलेली गादी आणि आईची परात

दोडामार्गकर

मंडळी, गेली चार वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

आमची दोडामार्गाकडे रबराची थोडी झाडं आहेत. सकाळी टॅपिंग (सालीला चीर देऊन चीक काढणं), मग चीक गाळून ट्रेमध्ये ओतायचा, फॉर्मिक ॲसिड टाकायचं, घट्ट झालेली लादी रोलरमधून काढायची, धूर द्यायचा आणि शीट व्यापाऱ्याला घालायची. भाव पडला की डोक्यात किडे वळवळतात. यंदाचा किडा असा, की शीटऐवजी फोम का करू नये? उशी नको, निदान खुर्चीवर टाकायची गादी तरी. तीन बॅच झाल्या, तिन्ही फसल्या, पण प्रत्येक वेगळ्या तऱ्हेने, म्हणून विचारतोय.

पहिली: झाडाचाच ताजा चीक, त्यात फेसासाठी पोटॅशियम ओलिएटचा साबण. फेटला, जेमतेम दुप्पट झाला. घट्ट करायला सवयीने फॉर्मिक ॲसिड घातलं. जिथे थेंब पडला तिथे गोळा, बाकी दूधच. नासलेल्या दुधाचं भांडं समोर ठेवल्यासारखं.

दुसरी: केरळातून साठ टक्के रबराचा, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घट्ट केलेला लेटेक्स (म्हणजे चीकच) आणला. गंधक, झिंक ऑक्साइड, गंधकाचं काम लवकर उरकणारा ॲक्सिलरेटर, आणि शेवटी ॲसिडऐवजी एसएसएफ, म्हणजे सोडियम सिलिकोफ्लोराइड. फेस सुंदर, केकच्या पिठासारखा. पण गोठेच ना. वीस मिनिटं बसून राहिलो. वरचे बुडबुडे वाटाण्याएवढे झाले, तळाला पाणी उतरलं आणि सगळं खाली बसलं.

तिसरी: कोणीतरी सांगितलं की अमोनिया उडवून लावायला हवा, पसरट भांड्यात घे. रात्रभर परातीत ठेवला, मधून मधून ढवळला. सकाळी फेटला, साचा म्हणून जुना डबा, पाच मिनिटांत गोठला, मोदकपात्रात अर्धा तास वाफवला. गादी झाली! दाबली की उसळी मारून वर. गावभर दाखवली. पण सात आठवड्यांत कडेपासून तपकिरी पडली, हाताला चिकटायला लागली, आणि आता अंगठा दाबला तर खड्डा तसाच राहतो.

कच्चा माल तोच, माणूस तोच. फोमची उसळी नक्की कोण ठरवतं?

शेंगदाणा_कूट

पाककृती विभागात टाका. ‘मोदकपात्रात रबर ढोकळा.’

दोडामार्गकर

हसा. मोदकपात्र त्यानंतर घरात परत घेतलेलं नाही.

फोमकाका

बरं केलंत, आणि ते परत घेऊही नका. एसएसएफ हे फ्लोराइड आहे, विषारी आहे. उंदीर आणि झुरळं मारायला वापरायचे ते. स्वयंपाकाचं एकही भांडं, चमचा, मिक्सर या कामाला लावायचा नाही. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा. हे आधी, बाकी सगळं नंतर.

आता बाकीचं. मी एका कारखान्यात फोम खात्यात २६ वर्षं काढली, निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण तो अमोनियाचा वास अजून नाकात आहे. तुमची पहिली बॅच फसणारच होती. झाडाच्या चिकात रबर तीस-पस्तीस टक्के, बाकी पाणीच. फोमला साठ टक्के लागतं. पातळ चिकाच्या फेसात बुडबुड्याची भिंत इतकी बारीक राहते, की वाळताना आकसून कोसळते.

आणि ॲसिड? ॲसिड जिथे पडतं तिथे त्या क्षणी काम करतं. शीटला ते चालतं, कारण तिथे गोळाच हवा असतो. फोमला असं विरजण हवं, जे आधी सगळीकडे सारखं मिसळेल आणि मग चार-पाच मिनिटांनी एकदम लागेल. एसएसएफचा सगळा मोठेपणा या चार-पाच मिनिटांचा आहे. पाण्यात ते सावकाश फुटतं आणि सावकाश आम्ल सोडतं.

ही युक्ती १९२९ च्या सुमाराची. बर्मिंगहॅमला डनलॉपमधल्या मर्फी नावाच्या माणसाने केकचं पीठ फेटायच्या यंत्रात लेटेक्स फेटला, तिथून हा धंदा सुरू झाला. म्हणजे तुमची केकची उपमा अगदी बरोबर आहे आणि कूटसाहेबांचा ढोकळाही फार लांब नाही.

शेंगदाणा_कूट

काका, दंडवत. ढोकळा मागे घेत नाही.

सविता_डोंबिवली

वाचतेय. मला लेटेक्सची गादी घ्यायची आहे, दुकानदार ‘शंभर टक्के नैसर्गिक’ म्हणतो. त्यावरही कोणी लिहा. धागा भरकटवत असेन तर सॉरी.

मंजिरी_पेनांग

सविता, येते त्यावर, आधी दोडामार्गकरांची दुसरी बॅच.

मी इथे पॉलिमरच्या प्रयोगशाळेत आहे, लेटेक्स हा रोजचाच. सेंट्रिफ्यूज केलेला लेटेक्स टिकावा म्हणून त्यात साधारण ०.७ टक्के अमोनिया असतो. त्याचा पीएच दहाच्या वर. रबराचे कण एकमेकांना चिकटत नाहीत ते त्यांच्याभोवती साबणाचं आणि प्रथिनांचं कवच असतं म्हणून. फोम गोठवायचा म्हणजे हे कवच काढायचं. एसएसएफमुळे पीएच खाली आठाकडे सरकायला लागला, की झिंक ऑक्साइडमधलं जस्त साबणाला धरतं आणि जस्ताचा साबण पाण्यात विरघळत नाही. कण उघडे पडतात, चिकटतात, जाळं तयार होतं. म्हणजे झिंक ऑक्साइड तिथे फक्त व्हल्कनायझेशनसाठी (गंधकाने रबर पक्कं करण्यासाठी) नाही, गोठवण्यात त्याचा अर्धा वाटा आहे.

तुमच्या दुसऱ्या बॅचमध्ये अमोनिया जसाच्या तसा होता. एसएसएफने सोडलेलं सगळं आम्ल त्यानेच गिळलं. पीएच उतरलाच नाही. अमोनिया ०.२ टक्क्यांच्या आसपास आणावा लागतो. आम्ही हवा सोडून ढवळतो आणि ॲसिडने टायट्रेट करून, म्हणजे किती ॲसिड लागतं त्यावरून उरलेला अमोनिया मोजून, बघतो. वासावर जाऊ नका, नाक दहा मिनिटांत मरतं.

आता गंमत बघा. फेस हा वाट बघत नाही. फेटणं थांबलं त्या क्षणापासून त्यातलं पाणी खाली उतरायला लागतं, लहान बुडबुडे मोठ्यांत विरतात. एकीकडे फेस मोडतोय, दुसरीकडे रबर गोठतंय. ज्या घडीला गोठतं, त्या घडीचा चेहरा फोममध्ये कायमचा राहतो. लवकर गोठलं तर ओतता ओतताच लाटा पडतात, साच्याचे कोपरे भरत नाहीत. उशीर झाला तर वर भोकं, खाली रबराची साय.

फोमकाका

मंजिरीताई, खाली साय नव्हे, खाली गाळ म्हणा. साय वर येते!

सायीवरून आठवलं. दोडामार्गकर, केरळातून पिंपं आणायची नसतील तर घरच्या चिकाची साय काढता येते. चिंचोक्याची पूड पाण्यात शिजवून अमोनिया घातलेल्या चिकात मिसळायची आणि काही दिवस हलवायचं नाही. रबर वर जमतं, खालचं पाणी काढून टाकायचं. केरळात ही जुनी पद्धत आहे, सोडियम अल्जिनेटनेही होतं. पण दर वेळी टक्केवारी थोडी वेगळी येते. शिकत असताना विकतचाच घ्या, म्हणजे चूक कुठे झाली ते कळेल.

दोडामार्गकर

चिंचोके! आमच्या परड्यात पडून कुजतात.

काका, ताई, पहिल्या दोन्हीचं कळलं. आता तिसरीचं काय? ती तर जमली होती.

मंजिरी_पेनांग

तिसरीचं प्रमाण द्या. सगळं, न लाजता.

दोडामार्गकर

कोरडं रबर शंभर भाग धरून: साबण १, गंधक २, झेडडीसी (तो ॲक्सिलरेटर) १, झिंक ऑक्साइड ५, एसएसएफ १. गंधक पावडरच घातली, पाण्यात कालवून. अँटिऑक्सिडंट नाही घातलं, विकणारा म्हणाला त्याने रंग पिवळट येतो. धुतली एकदा बादलीत.

फोमकाका

प्रमाण ठीक आहे, करणी ठीक नाही.

गंधक, झिंक ऑक्साइड, झेडडीसी यातलं काहीच पाण्यात विरघळत नाही. नुसतं कालवून घातलं की कणांचे खडे राहतात. आमच्याकडे बॉल मिल असायची, चिनी मातीच्या गोट्यांची. गंधक त्यात दोन-तीन दिवस फिरायचं, दह्यासारखं गुळगुळीत झालं की मगच बाहेर. खडा राहिला तर त्याच्याभोवती भोक पडतं, शिवाय एका जागी गंधक जास्त आणि शेजारी नाहीच. एकाच गादीत एक भाग दगड आणि एक भाग लापशी.

धुण्याबद्दल तर काय बोलू. साबण आणि एसएसएफचं उरलेलं आत राहिलं तर वास राहतो, फोम लवकर म्हातारा होतो. रोलरमधून पिळायचा, पुन्हा पाणी, पुन्हा पिळायचा. तुमच्याकडे शीटचा रोलर आहेच की! फट मोठी ठेवून वापरा.

पण सात आठवड्यांत तपकिरी आणि चिकट? एवढ्याने होत नाही. कडेपासून सुरू झालं म्हणालात. एक विचारतो. परात कसली होती?

दोडामार्गकर

पितळेची. आजीच्या लग्नातली. घरात तीच सगळ्यात पसरट.

फोमकाका

कल्हई होती?

दोडामार्गकर

उडालेली. आई दोन वर्षं म्हणतेय कल्हईवाला आला तर बघ.

आता विचारलंत म्हणून आठवलं, सकाळी परातीच्या कडेला चिकाला निळसर झाक होती. मला वाटलं खिडकीचा उजेड.

मंजिरी_पेनांग

सापडलं! 😀

उजेड नव्हता तो, तांबं होतं. अमोनिया पितळेतलं तांबं विरघळवतो आणि त्याचा रंग निळा. रात्रभर तुम्ही लेटेक्सला तांबं पाजलंत. तांबं आणि मँगनीज या दोन धातूंना रबरवाले विषच समजतात, अगदी किंचित असले तरी हवेतल्या प्राणवायूला रबराची साखळी तोडायला मदत करतात.

उसळी कुठून येते ते सांगते, म्हणजे हे कळेल. रबराचा रेणू म्हणजे लांबच लांब धागा, मोकळा सोडला की गुंता होऊन बसतो. ताणला की सरळ होतो, सोडला की परत गुंत्यात जातो, कारण गुंता व्हायच्या तऱ्हा असंख्य आणि सरळ राहायची जवळजवळ एकच. रबरबँड पटकन ताणून ओठाला लावा, गरम लागेल. पण नुसते धागे एकमेकांवरून घसरतात, म्हणून गंधकाच्या गाठी मारायच्या. माशाचं जाळं डोळ्यासमोर आणा. गाठी कमी, तर जाळं ओढलं की आकार सोडतं. गाठी फार, तर जाळं राहत नाही, काथ्याची चटई होते. दोन भाग गंधक म्हणजे मधलं.

तांब्याने काय केलं? गाठी सोडल्या नाहीत, मधले धागे कापले. तुटक्या धाग्यांचं रबर चिकट होतं आणि दाबलेला अंगठा विसरत नाही. वर तुम्ही अँटिऑक्सिडंटही घातलं नव्हतं, म्हणजे राखणदारच नाही. कडेला हवा जास्त लागते, म्हणून तिथून सुरुवात.

शेंगदाणा_कूट

हा धागा गुन्हेगारी कथा विभागात हलवा. खुनी: परात.

सविता_डोंबिवली

काय प्रतिसाद आहेत! आता माझी गादी, प्लीज.

फोमकाका

सविताताई, वरचंच प्रमाण बघा. रबर शंभर भाग, त्यावर बाकीचे मिळून आठ-दहा. म्हणजे भेसळ नसलेल्या फोममध्येसुद्धा रबर नव्वद-ब्याण्णव टक्के. शंभर टक्के रबराचा फोम गोठणारही नाही आणि टिकणारही नाही. ‘शंभर टक्के नैसर्गिक’चा सरळ अर्थ घ्यायचा तो इतकाच, की त्यात एसबीआर म्हणजे कृत्रिम लेटेक्स मिसळलेला नाही. एसबीआर स्वस्त, आकसतो कमी. पण उसळी आणि फाटण्याला तोंड देणं यात झाडाचं रबर पुढे. मिश्र गादी वाईट असते असं नाही, फक्त तसं सांगून त्या किमतीला विकावी.

खरी मेख फिलरची. चिनी माती, चुनखडीची पूड. वजन वाढतं, हात दाबला की ‘भक्कम’ वाटतं, गिऱ्हाईक खूश. दुकानात कळतच नाही. कळतं दोन वर्षांनी, कमरेखाली खळगा पडल्यावर. मातीचा कण ताणला जात नाही. बुडबुड्याच्या भिंतीत तो बसला की तेवढी भिंत वाकते पण परत येत नाही.

तराजू घ्या. ७८ बाय ६० इंच, सहा इंच जाडीची गादी म्हणजे साधारण ०.४६ घनमीटर. घनमीटरला ७५ किलोचा फोम धरला तर ३४-३५ किलो. पन्नास किलो भरली आणि तरी ‘मऊ’ म्हणत असतील तर प्रश्न विचारा. छोटा तुकडा मिळाला तर उघड्यावर जाळून राख बघा. थोडी पांढरी राख झिंक ऑक्साइडची राहणारच, मूठभर राहिली तर ती माती. आणि लेटेक्स फोमला आयएस १७४१ हे भारतीय मानक आहे, तो आकडा लेबलवर आहे का तेही पाहा.

मंजिरी_पेनांग

फिलरवर काकांशी थोडी असहमत. इकडे मलेशियात भाताच्या तुसाची पूड आणि केनाफचं तंतुचूर्ण लेटेक्स फोममध्ये घालून बरंच काम झालंय. केनाफ म्हणजे आपली अंबाडी! (पहिल्यांदा कळलं तेव्हा मी प्रयोगशाळेत एकटीच हसत होते, भाजी आठवून.) प्रमाण वाढवलं की घनता आणि कडकपणा वाढतो, ताणण्याची ताकद आणि दाबल्यावर परत येण्याचं प्रमाण घटतं. म्हणजे काका म्हणतात तेच. पण पॅकिंगला किंवा चटईखाली घालायला उसळी कुठे हवी असते? तिथे तूस घातलं तर स्वस्तही पडतं. कशासाठी करतोय यावर आहे.

आणि कडकपणा फक्त मालमसाल्यावर नसतो. फोमचे बुडबुडे एकमेकांत उघडे असतात. अशा फोमची घनता दुप्पट केली तर कडकपणा दुप्पट नाही, साधारण चौपट होतो. त्यामुळे फेटताना जरा कमी-जास्त झालं की गादीचा स्वभाव बदलतो. साबण वाढवला तर बुडबुडे बारीक आणि फेस हलका, पण साबण जास्त म्हणजे जस्ताला पकडायला जास्त गिऱ्हाइकं, गोठणं लांबतं. एक धरलं की दुसरं सुटतं.

फोमकाका

ताई, असहमती मान्य. माझा राग गादीत माती घालणाऱ्यांवर.

झोपाळू

टालाले म्हणून एक प्रकार असतो, दुप्पट किमतीला. तो काय?

फोमकाका

तोही लेटेक्सच. साचा अर्धवट भरायचा, झाकण लावून निर्वात करायचा म्हणजे फेस फुगून साचा भरतो, मग शून्याखाली बरंच गोठवायचं आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडून पीएच उतरवायचा. एसएसएफची गरजच नाही. आधी थंडीने फेस जागच्या जागी धरला, मग विरजण. म्हणून वरपासून खालपर्यंत बुडबुडे सारखे. आपल्या या एसएसएफवाल्या डनलॉप पद्धतीत गोठेपर्यंत जड माल खाली सरकतो, तळ थोडा कडक. काहींना तोच आवडतो. माझ्या घरी डनलॉपच आहे, पाठ ठीक आहे.

सविता_डोंबिवली

धन्यवाद, वाखु (वाचनखूण) साठवली. उशी ड्रायरमध्ये वाळवली तर चालते का?

मंजिरी_पेनांग

अजिबात नाही! फोम उष्णता आत धरून ठेवतो, ड्रायरमध्ये पेटू शकतो. सावलीत, वाऱ्यावर. उन्हातही नको, पिवळा पडून भुगा होतो.

दोडामार्गकर

चौथी बॅच झाली, म्हणून धागा वर काढतोय.

स्टीलची पातेली बाजारातून नवीन आणली, त्यावर लाल रंगाने ‘विष’ लिहिलं. पंखा लावून ढवळत अमोनिया उतरवला, गावातल्या रसायनशास्त्राच्या सरांनी टायट्रेशन करून दिलं. गंधक आणि बाकीच्यांची डिस्पर्शनं (पाण्यात बारीक दळलेली मिश्रणं) तयारच मागवली. गंधक, झेडडीसी आणि या वेळी अँटिऑक्सिडंट घालून रात्रभर ठेवलं. सकाळी साबण घालून फेटलं, आठपट फुगल्यावर यंत्र हळू केलं, मग झिंक ऑक्साइड, शेवटी एसएसएफ. घड्याळ लावून बसलो. सात मिनिटं. वेगळ्या पत्र्याच्या डब्यात वाफ दिली, रोलरमधून सहा वेळा पिळली.

अंगठा दाबून सोडला तर खड्डा दिसतच नाही. पण उभी कापली तेव्हा तळाला अर्धा इंच वेगळाच थर आहे, घट्ट, पेढ्यासारखा. वरचा भाग मात्र एकदम पावासारखा.

फोमकाका

शाब्बास! सात मिनिटं जास्त झाली, तेवढ्यात तळ बसला. एसएसएफ एकदम वाढवू नका, आम्ल जास्त झालं की फोम ठिसूळ होतो. आधी डीपीजी (डायफिनाइल ग्वानिडीन, गोठायला मदत करणारं रसायन) ०.३ भाग झिंक ऑक्साइडबरोबर घालून बघा, गोठणं आवळून येतं. आणि कुठल्या वेळी केलंत? सकाळी सहाला खोली गार असते. दुपारी हेच मिश्रण दोन मिनिटं आधी लागेल.

मंजिरी_पेनांग

एकाच फेसाचे चार भाग करा, चारात डीपीजी वेगवेगळं, बाकी सगळं तेच. प्रत्येकाची वेळ लिहा आणि उभा काप काढून फोटो टाका. दरवेळी दोन गोष्टी बदललात तर काहीच कळणार नाही.

धंदा म्हणून करायचं असेल तर कोट्टायमला भारतीय रबर संशोधन संस्थेत चौकशी करा. तिचं एक केंद्र पालघरमध्ये दापचरीलाही आहे, पण तिथलं काम कोरड्या हवेत झाडं कशी टिकतील यावर, फोमसाठी कोट्टायमच.

दोडामार्गकर

डीपीजी मागवलंय. चार डबे, चार घड्याळं, रविवारी दुपारी.

शेंगदाणा_कूट

आणि परात?

दोडामार्गकर

घासून लख्ख केलीय, पण आई आता तिच्यात पीठ मळायला तयार नाही. बरोबरच आहे तिचं. काल अंगणात उभी राहून विचारत होती, ‘रे, ती माझी परात आता खंय ठेवतलंस?’ सध्या गोठ्यात आहे. तिसऱ्या बॅचची चिकट गादी तिच्यात ठेवलीय.